प्रगती समाधानकारक

‘सुधारला’ हा शब्द आपण कुणाला लावतो, ते एकदा आठवून बघा. दारू सुटलेल्याला लावतो, जुनी उधारी फेडणाऱ्याला लावतो, टायफॉइडमधून उठलेल्याला लावतो आणि लग्न झाल्यावर वेळेवर घरी येऊ लागलेल्या भाच्याला लावतो. शब्द कौतुकाचा, पण त्याच्या पोटात जुनी तक्रार जपून ठेवलेली असते. ‘तुमचं अक्षर बरंच सुधारलं हो,’ असं कुणी म्हटलं की आपण हसतो खरे; पण रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात येतं, म्हणजे आधी इतकं वाईट होतं की काय?

हा शब्द मी चौतीस वर्षं घाऊक भावानं वापरला. साताऱ्याच्या एका शाळेत मी मराठीचा मास्तर होतो, आणि वर्गशिक्षक या नात्यानं वर्षातून चार वेळा साठ-साठ प्रगतीपुस्तकांवर शेरे मारणं हा माझा धर्म होता. ‘प्रगती समाधानकारक.’ ‘गणिताकडे लक्ष द्यावे.’ ‘अक्षर सुधारावे.’ एवढी प्रगती मोजलेल्या माणसाला प्रगती म्हणजे काय हा प्रश्न पडायला नको. तो मला पडला, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अमेरिकेत, गुडघाभर बर्फात, आणि तोही एका चेंडू फेकणाऱ्या गड्यामुळे.

चिरंजीव बरीच वर्षं बफेलोला असतात. न्यूयॉर्क राज्यातलं, पण न्यूयॉर्कपासून रात्रभराच्या वाटेवरचं, ईरी सरोवराच्या काठावरचं हे गाव. नाव म्हशीचं असलं तरी म्हैस तिथं औषधालाही नाही. बर्फ मात्र इतका की, जानेवारी २०२४ मध्ये फुटबॉलच्या मैदानातला बर्फ उपसायला क्लबनं लोकांना तासाला वीस डॉलर देऊन बोलावलं होतं. आम्ही दोघं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिथं पोचलो, त्यामुळे ती मिळकत हुकली.

तिथल्या फुटबॉलबद्दल थोडं सांगायला हवं. पाय त्याला क्वचित लागतो. चेंडू सोललेल्या नारळाएवढा, दोन्हीकडं टोकदार. अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू बहुधा दुसऱ्याच्या ताब्यात. यातला मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू हातात आला की त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे चार-पाच महाभाग त्याला आडवा करायला धावत येतात, आणि यानं शांतपणे बघायचं की आपला कोणता माणूस दोन सेकंदांनी कुठं पोचणार आहे, आणि चेंडू तिथं फेकायचा. मला उडप्याकडं इडली की वडा ठरवायला याहून जास्त वेळ लागतो.

बफेलोच्या संघाचं नाव बिल्स आणि त्याच्या क्वार्टरबॅकचं नाव जॉश ॲलन. हा मूळचा कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजला तो नको होता. धाकट्या कॉलेजात खेळून, गावोगावच्या प्रशिक्षकांना ई-मेल धाडधाडून शेवटी वायोमिंगला प्रवेश मिळाला. तिथून २०१८ साली बफेलोनं त्याला सातव्या क्रमांकावर उचललं, तेव्हा जाणकारांनी कपाळाला हात लावला. दंड मोठा ताकदीचा, पण चेंडू भलतीकडं जातो. आणि अचूकपणा शिकवून येत नाही, तो जन्मतः असावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून मला आमच्या शिक्षकांच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. आम्हीही ‘ढ’ हा प्रकार जन्मजातच मानत होतो. त्यात आमची सोय होती.

ॲलनच्या शंभर फेकींपैकी किती आपल्या माणसाच्या हातात पडल्या, त्याची टक्केवारी तिथल्या पोरासोरांना पाठ असते. २०१८ साली ५२.८. २०१९ साली ५८.८. आणि २०२० साली ६९.२! मी मास्तर माणूस, मला खेळ कळायच्या आधी हे कळलं. पोरगं सेकंड क्लासातून निघालं आणि तिसऱ्या वर्षी फर्स्ट क्लास ओलांडून डिस्टिंक्शनच्या दाराशी आलं. चौतीस वर्षांत अशी उडी मी दोनदा पाहिली, आणि दोन्ही वेळा पुढचा मुलगा कोण होता याची चौकशी करावी लागली.

नातू नऊ वर्षांचा. त्याला मराठी शिकवावं म्हणून सूनबाईंनी मला नेमलं होतं. बाराखडीत त्याला गोडी नव्हती आणि मला फुटबॉलमध्ये. तेव्हा आम्ही तह केला. एक वही आखली, तिच्यावर ‘प्रगतीपुस्तक’ लिहिलं, खाली ‘विद्यार्थ्याचे नाव : जॉश ॲलन’. रकाने चार : फेकले, झेलले, पळवले, शेरा. ‘पळवले’ म्हणजे शत्रूनं मधल्यामध्ये झेललेले. शेरा मात्र मराठीतच, असा नियम.

गंमत अशी की शेरा द्यायला अख्खी गल्ली तयार. शेजारी एक म्हातारा राहतो. तरुणपणी लॅकावॉनाच्या पोलाद कारखान्यात होता. तिथल्या भट्ट्या १९८३ मध्ये विझल्या आणि त्यानं मग मिळेल ते केलं. १९९१ ते १९९४ अशी लागोपाठ चार वर्षं बिल्सनी अंतिम सामना गाठला आणि चारही हरले, पहिला तर एका गुणानं. ते चारही त्यानं पाहिले आहेत. ज्याचं कारखान्यानं आणि संघानं मिळून असं केलंय, त्याच्याकडून उदार शेऱ्याची अपेक्षा करू नये. त्याचं म्हणणं, ॲलन उतावळा होता आणि उतावळाच आहे. आकडे डिसेंबरात चांगले दिसतात, खरं काय ते जानेवारीत कळतं. मला हा गृहस्थ फार आवडला. असे परीक्षक बोर्डात असते तर निकाल चार टक्के लागला असता.

मुलाच्या ऑफिसातली एक मुलगी सामना बघायला यायची. तिच्या फोनमध्ये सगळे आकडे. ती म्हणायची, २०२० ची उडी ॲलनची नव्हेच. त्या वर्षी स्टेफॉन डिग्ज नावाचा पट्टीचा झेलणारा संघात आला, त्याच्या हाताला गोंद होता, म्हणून टक्केवारी चढली. ठीक आहे. पण एप्रिल २०२४ मध्ये डिग्जला ह्यूस्टनला धाडलं आणि तरी ॲलन झकास खेळत होता. त्यावर तिचं उत्तर तयार : आता पुढची संरक्षणाची फळी भक्कम आहे ना! म्हणजे चेंडू फेकणारा सोडून बाकी सर्वांची प्रगती तिला मान्य होती.

आणि आमच्या सूनबाई. पुण्यात असताना त्यांनी क्रिकेटही कधी बघितलं नव्हतं. इथं सामन्याच्या दिवशी निळी टोपी घालून वांगी चिरतात. त्यांचं मत : तो पहिल्यापासून चांगलाच होता, लोकांनाच कळलं नाही.

तीन परीक्षक, आणि तिघांच्या मतांची रोज हाणामारी. पण एका रविवारी जेवून लवंडलो असताना माझ्या ध्यानात आलं की तिघं एकच गोष्ट म्हणतायत. एक म्हणतो तो बदललेलाच नाही, दुसरी म्हणते बदल दुसऱ्यांनी केला, तिसरी म्हणते बदलायला काही नव्हतंच. एक माणूस सुट्टीत जॉर्डन पामर नावाच्या प्रशिक्षकाकडं जातो, पाय कसा टाकायचा, कंबर केव्हा वळवायची हे पुन्हा पहिलीच्या मुलासारखं घोटतो, आणि काल येत नव्हतं ते आज करतो, एवढी साधी गोष्ट तिघांनाही नको होती. का नको असावी? मला वाटतं, ती मान्य केली की आपला पहिला शेरा खोडावा लागतो. आणि शाईनं लिहिलेला शेरा खोडला की हेडमास्तरांची सही लागते.

बरं, टक्केवारीनं तरी प्रगती कळते का? ते बघा. २०२४ साली त्याची टक्केवारी ६३.६, म्हणजे २०२० पेक्षा खाली. गुण मिळवून देणाऱ्या फेकी तेव्हा ३७, आता २८. आमच्या पद्धतीनं ‘घसरण चिंताजनक’. पण पळवलेल्या चेंडूंचा रकाना बघितला तर आदल्या वर्षी १८ आणि २०२४ मध्ये फक्त ६! म्हणजे हा शिकला ते फेकायला नव्हे. न फेकायला शिकला. मोह होता, दंडात ताकद होती, प्रेक्षक ओरडत होते, तरी चेंडू हातातच ठेवला. आपल्या सुनील गावसकरांनी हूकचा फटका असाच वर्षानुवर्षं कपाटात ठेवला होता आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढं काढला, शतक ठोकलं. तो मधला सगळा काळ मी ट्रान्झिस्टरला कान लावून ‘अरे, मार की!’ म्हणत होतो. न मारलेल्या फटक्याला आपल्याकडं गुण नसतात.

१ डिसेंबर २०२४ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोशी सामना होता. बर्फ असा पडत होता की टीव्ही बिघडलाय असं वाटून सौ.नं दोनदा त्याच्या कानफटात मारली. त्या बर्फात ॲलननं चेंडू आपल्या अमारी कूपरकडं फेकला, कूपर अडकला, त्यानं तो परत ॲलनकडं टाकला, आणि ॲलननं स्वतःच पळत जाऊन रेषेपार उडी मारली. हिशेबात फेकणारा ॲलन आणि झेलणाराही ॲलन! शेजारचा म्हातारा म्हणाला, ‘अखेर त्याला विश्वासू माणूस मिळाला.’ नातवानं शेरा विचारला. मी म्हटलं, लिही, ‘स्वावलंबी’. तो शब्द त्यानं अर्धा तास घोटला.

मग जानेवारी आला. १९ तारखेला बाल्टिमोरशी गाठ. त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन हाही सुधारलेल्यांपैकीच. याला तर एकेकाळी जाणकारांनी फेकणं सोडून झेलणाऱ्याच्या जागी खेळायला सांगितलं होतं. शेवटच्या दोन मिनिटांत जॅक्सननं बरोबरी साधणारा चेंडू मार्क अँड्र्यूजच्या थेट हातात दिला आणि तो अँड्र्यूजच्या हातातून निसटला. बफेलो २७, बाल्टिमोर २५. आमच्या दिवाणखान्यात एकमतानं ठराव झाला की, जॅक्सन जानेवारीत कच्चा. ठराव मांडणारांत मीही होतो. हात अँड्र्यूजचे निसरडे आणि शेरा जॅक्सनच्या पुस्तकात, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. आपण जिंकल्यावर न्यायबुद्धी जरा वामकुक्षी घेते.

ती पुढच्या रविवारी जागी झाली. २६ जानेवारी, कॅन्सस सिटी. बिल्स २९, ते ३२. शेवटचा चौथा प्रयत्न. समोरून मुसंडी आली, ॲलन मागं पळता पळता पडणार एवढ्यात त्यानं चेंडू आभाळात उडवला, आणि तो खाली आला तो डाल्टन किंकेडच्या सूर मारलेल्या हातांपाशी. हाताला लागला आणि जमिनीवर पडला. संपलं. आता आम्हांला हात आणि हातातला फरक चांगला समजला होता.

घरात कुणी बोलेना. म्हातारा टोपी हातात घेऊन बसला होता. हा उतावळा-उतावळा म्हणणारा गृहस्थ. पण २०२० च्या नोव्हेंबरात ॲलनची आजी वारली आणि दुसऱ्या दिवशी तो खेळला, तेव्हा बफेलोच्या लोकांनी गावातल्या मुलांच्या इस्पितळाला त्याच्या सतरा नंबरावरून सतरा-सतरा डॉलर पाठवले, दहा लाखांवर डॉलर जमले. त्यात याचेही सतरा होते, हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. यानं नाही.

नातू वही घेऊन आला. ‘आजोबा, शेरा?’

मी विचार करत होतो. तेवढ्यात आमचे चिरंजीव, जे सामन्यात कधी तोंड उघडत नाहीत, ते सोफ्यावरून म्हणाले, ‘लिही. हुशार आहे, पण चंचल. लक्ष दिल्यास प्रगती होईल.’

‘हे कुणाचं?’ नातवानं विचारलं.

‘माझं. सातवी ब. आजोबांनी दिलेलं.’

तो हसत म्हणाला, अगदी सहज. पण तीस वर्षांपूर्वीचा शेरा, आणि त्यातला स्वल्पविरामही त्याला पाठ होता. आणि मला एकदम दिसलं की, हा माणूस गाडीचं कुलूप तीनदा ओढून बघतो, निघताना गॅस बघायला जिन्यावरून परत जातो, एक पत्र पाठवायचं तर चारदा वाचतो. मी इतकी वर्षं समजत होतो, आईवर गेलाय.

आता खरी गोष्ट सांगतो. ती रात्र मला आठवते. सकाळी पुस्तकं वाटायची होती, दिवे गेले होते, साठांपैकी निम्मी बाकी होती. बारा वाजून गेल्यावर मी उरलेल्या सगळ्यांना एकच शेरा दिला. सौ. कंदिलाजवळ बसून शाई टिपत होती. तिनं मोजलेसुद्धा होते : अठ्ठावीस. त्यात आमचा एक होता. मी नाव बघून लिहिलं नव्हतं.

मी त्या रात्री झोपलो नाही. चुकीचा शेरा दिला असता तर एक वेळ माफी मागता आली असती. पण मी शेरा दिलाच नव्हता. मी पोराकडं बघितलंच नव्हतं. शेजारचा म्हातारा ॲलनला काय वाटेल ते बोलतो, पण सात वर्षांतला त्याचा एकेक चेंडू त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिलाय. आणि हे पोराला सांगावं की नाही? ज्या वाक्याला धरून माणूस मोठा झाला, वागला, नोकरीला लागला, संसार केला, ते वाक्य त्याचं नव्हतंच, हे सांगणं म्हणजे त्याच्यावरचं ओझं उतरवणं की पायाखालचा पाट काढून घेणं? सौ.ला विचारलं. ती कुशीवर वळत म्हणाली, ‘सांगायचं असेल तर जायच्या आत सांगा. नाहीतर जन्मात सांगू नका. आणि आता दिवा घालवा.’

६ फेब्रुवारीला ॲलन वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पहिल्या पसंतीची मतं पन्नास. त्यातली ॲलनला २७, जॅक्सनला २३. गंमत म्हणजे त्याच पन्नास परीक्षकांनी वर्षाच्या आदर्श संघात क्वार्टरबॅक म्हणून घेतला तो मात्र जॅक्सन! नातवानं विचारलं, असं कसं? मी म्हटलं, बाळ, मॉडरेशन. म्हाताऱ्याला बातमी सांगितली तर तो बर्फ उपसता उपसता म्हणाला, ‘ठीक आहे.’ त्याच्या तोंडून एवढं म्हणजे सुवर्णपदकच.

परतीच्या दिवशी पहाटे चिरंजीव आम्हांला विमानतळावर सोडायला निघाले. नातू वही घेऊन मागं बसला होता. रस्त्यावर बर्फ, काच पुसणारे दांडे कुरकुरतायत. माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘गाडी आता बरी चालवतोस’. पण तो ‘आता’ कसाबसा गिळला आणि त्याऐवजी अठ्ठावीस पोरांची हकीकत सांगून टाकली. सगळी. कंदिलासकट.

तो बराच वेळ काही बोलला नाही. एक सिग्नल गेला, दुसरा गेला. मग म्हणाला, ‘बाबा, बाकीचे सत्तावीस काय करतात?’

मी आठवून सांगू लागलो. एक सर्जन आहे. एक कोऱ्या पाटीसारखा बसून असायचा, त्याची पिठाची गिरणी आहे. वीस वर्षं त्या गिरणीतून उठलेला नाही. एक एस.टी.त कंडक्टर. एक आता नाही. दोघांची नावंच आठवेनात.

‘चंचल त्यांतलं कुणी निघालं?’

‘सर्जन जरासा. तीनदा दवाखाना बदलला.’

तो हसायला लागला. इतका की गाडी कडेला घ्यावी लागली. नंतर त्यानं चष्मा काढून पुसला, तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, बर्फच होता. गाडी परत रस्त्याला लावताना तो म्हणाला, ‘मला वाटायचं, तुम्ही फार विचार करून लिहिलं असेल.’ यावर काय म्हणणार? मी काहीच म्हणालो नाही.

विमानतळावर सामान काट्यावर चढलं, आणि खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट मागितले. सौ.चा निघाला. माझा निघेना. पिशवी उलटी केली, मागं रांग वाढायला लागली, आणि माझा आवाज चढला : ‘अरे, मी तुझ्याकडं दिला होता ना घरीच! कुठं ठेवलास? जरा लक्ष देत जा बाबा, किती वेळा…’

सौ.नं माझ्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि पासपोर्ट काढून त्या बाईपुढं ठेवला. चिरंजीव छताकडं बघत होते. नातवानं वही उघडली, एक कोरं पान काढलं, वर काहीतरी नाव लिहिलं आणि पेन्सिल थांबवून विचारलं, ‘आजोबा, ‘चंचल’मध्ये अनुस्वार पहिल्या ‘च’वर की दुसऱ्या?’

‘पहिल्या,’ मी म्हणालो.